उपाशीपोटी

पहाटे ४.३०

धायरीतल्या दोन खोल्यांच्या घरात दिवा लागतो. ताई फ्रीजर उघडते. रात्री गोठायला ठेवलेले चार आइस पॅक काढून फडक्याने पुसते आणि निळ्या पेटीच्या कडेने उभे लावते. मध्ये पुठ्ठा. ट्यूब थेट बर्फाला टेकली तर रक्तपेशी फुटतात आणि सॅम्पल वाया जातं.

मग बॅग. बावीस नंबरच्या सुया वीस, पंखवाल्या लहान सुया सहा. पंखवाली महाग असते, तिचा हिशेब लॅबला वेगळा द्यावा लागतो. पिवळ्या टोपणाच्या ट्यूब, जांभळ्या, करड्या. स्पिरिटचा कापूस, दंडाला बांधायचा पट्टा, हातमोजे, बारकोडची पट्टी, सुया टाकायचा पांढरा डबा.

ताई छत्तीस वर्षांची आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा, झालेली. घरोघर जाऊन रक्त घेणं हे तिचं काम. पगार १५,०००, वर प्रत्येक घरामागे ३० रुपये. पेट्रोलचे किलोमीटरला ३ रुपये मिळतात, टायर आणि सर्व्हिसिंग आपलं आपण बघायचं. मोबाइलवर यादी आली आहे. नऊच्या आत सहा घरं, सगळी साठीपुढची माणसं, सगळी उपाशी. सासूबाई डबा भरून देतात. चहा अर्धा कप, उभ्याउभ्याच.

मी तिच्या दुचाकीवर मागे बसते. पेटी माझ्या मांडीवर.

सकाळी ५.५०

सदाशिव पेठ. लिफ्ट नसलेली जुनी इमारत, तिसरा मजला. दार उघडंच आहे. आजोबा ७८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. खुर्ची खिडकीपाशी ओढून, बाही वर करून बसलेले.

"ये बाळा. चारपासून जागा आहे मी."

"काल जेवलात किती वाजता?"

"साडेआठला. नंतर काही नाही."

"रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे ना अजून?"

"आहे."

ती पट्टा सदऱ्याच्या बाहीवरूनच बांधते, म्हणजे कातडी चिमटत नाही. सत्तरीनंतर कातडी पातळ होते. शीर वर दिसते, पण टोचायला गेलं की बाजूला सरकते, कारण तिला धरून ठेवणारं मांस कमी झालेलं असतं. नवशिक्या माणसाला दिसणारी शीर सोपी वाटते. ताई दिसण्यावर जात नाही. डोळे दुसरीकडे ठेवून बोटाने चाचपते. दाबलं की खाली जाऊन परत वर येणारी शीर तिला हवी असते. ती सापडली की डाव्या अंगठ्याने खालची कातडी ताणून धरायची आणि सुई जवळजवळ आडवी घालायची.

पट्टा मिनिटाच्या आत सुटतो. आधी पिवळी ट्यूब, मग जांभळी, शेवटी करडी. हा क्रम चुकवायचा नाही. जांभळ्या ट्यूबमधलं औषध पिवळीत गेलं तर पोटॅशियम आणि कॅल्शियमचे आकडे खोटे येतात. प्रत्येक ट्यूब आठ वेळा हळू उलटीसुलटी करायची. हलवायची नाही. सगळं मिळून दोन चमचे रक्त.

"कोपर दुमडू नका. हात सरळ ठेवा आणि पाच मिनिटं दाबून धरा." ती स्वतः घड्याळ बघत उभी राहते. रक्त पातळ असलेल्या माणसाचा हात कोपरात दुमडला की आत रक्त साकळतं आणि चार दिवस निळं राहतं. पाच मिनिटं थांबायचे वेगळे पैसे नाहीत.

बारकोड तिथेच चिकटवते, वेळ लिहिते. ५.५८. "साडेसहाला नाश्ता करा. पहिल्या घासापासून दोन तास. मी साडेआठला येते."

सकाळी ६.२०

दुसरं घर. काकू दारातच सांगतात, "कपभर चहा घेतलाय हं. पण बिनसाखरेचा."

"दूध होतं ना?"

"चमचाभर."

दुधात साखर असतेच, तिची स्वतःची. आणि वर चरबीचीही तपासणी आहे, तिला दहा-बारा तास पोट रिकामं लागतं. ताई बॅग उघडतच नाही. ऑफिसला फोन करून उद्याची वेळ घेते. काकूंना वाईट वाटतं, त्या म्हणतात, घे ना, कोणाला कळणार आहे. ताई हसून नाही म्हणते. या घराचे ३० रुपये आज नाहीत. चुकीच्या आकड्यावर कोणाची गोळी वाढली, तर तो दोष सुई धरणाऱ्या हाताकडे येतो, हे ती मला जिना उतरताना सांगते. तिच्या कामातली मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट ही आहे, आणि ती कुठल्याही रिपोर्टवर छापून येत नाही.

सकाळी ६.४५

सहकारनगर. काका ६४, वजन ५३ किलो. "मी हा असा काडीसारखा. मला कशी साखर होईल? मुलगा ऐकत नाही."

पुण्यात हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचं उत्तरही पुण्यातूनच जगभर गेलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. २०२३ साली छापलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा अंदाज १०.१ कोटींचा होता, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचा १३.६ कोटींचा. त्यात काडीसारखी माणसंही आहेत.

काकांची शीर काही सापडत नाही. दोन्ही हात बघून होतात.

"पाणी कधी प्यायलात?"

"रात्रीपासून नाही. उपाशी राहायला सांगितलं ना."

"पाणी चालतं हो काका." ती त्यांना दोन पेले पाणी प्यायला लावते, हात कोमट पाण्यात धरायला सांगते आणि दहा मिनिटं थांबते. मग पंखवाली सुई काढते. एकाच टोचणीत काम होतं.

सकाळी ७.१५

दांडेकर पुलाजवळची वस्ती. मावशी सत्तरीच्या, अजून भाजी विकतात. पैसे मुलाने भरलेत. मावशी जमिनीवर बसून जुड्या बांधतायत.

"आटप गं पोरी, माल पडलाय."

त्यांचा दंड घट्ट आहे. पट्टा बांधला की शीर लगेच भरते आणि जागची हलत नाही. एका मिनिटात काम उरकतं. मावशी गुडघ्यावर हात न टेकता उठतात आणि टोपली उचलतात.

"मी हेच बघते," ताई बाहेर आल्यावर म्हणते. "माणूस उठतो कसा."

तिला हे कोणी शिकवलेलं नाही, पण डॉक्टरही हेच बघतात. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली वृद्धांचे स्नायू तपासायची एक सोपी कसोटी ठरवली. हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. त्याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायूंकडे लक्ष द्यायला हवं. जेवणानंतर रक्तात येणारी साखर उचलायचं मोठं काम स्नायूच करतात. ते आटले की साखर रक्तातच रेंगाळते. मावशींनाही साखर निघू शकते, बीपी तर आहेच. पण ती सांभाळायला त्यांच्या अंगात अजून जोर आहे.

जेवणानंतरचं रक्त कुठे घ्यायचं? मावशी तेव्हा गाड्यावर असणार. "तिथंच ये," त्या म्हणतात.

सकाळी ८.००

पुढची दोन घरं पटपट होतात. मग लॅब. ट्यूब रॅकमध्ये लागतात. पिवळीतलं रक्त अर्धा तास उभं ठेवून गोठू द्यायचं, मग यंत्रात फिरवायचं. करड्या ट्यूबची गोष्ट वेगळी. रक्त अंगातून काढलं तरी पेशी जिवंत असतात, साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये, खोलीतल्या तापमानाला, तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. करडीत फ्लोराइड असतं, ते हे खाणं थांबवतं. तरी त्याला जरा वेळ लागतो, म्हणून बर्फाची पेटी.

सकाळी ८.३०

पुन्हा सदाशिव पेठ, पुन्हा तीन मजले. "नाश्त्याला काय घेतलंत आजोबा?"

आजी आतून सांगतात, "दोन चमचे उपमा. म्हणे आज तपासणी आहे."

"रोज किती खाता?"

"ताटलीभर. आणि वर एक केळं."

दोन तासांनी काढायची साखर ही रोजच्या जेवणावर बघायची असते. गोळी घेतली होती का, हेही विचारायचं असतं. ताई रक्त घेते, पण फॉर्मवर लिहिते, नाश्ता नेहमीपेक्षा कमी. जांभळी ट्यूब सकाळीच गेली आहे, ती एचबीए१सीची. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि रक्तातली साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. त्यामुळे तो आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचा असतो. एका सकाळच्या दोन चमचे उपम्याने तो बदलत नाही.

"आता या वयात काय," आजोबा म्हणतात. "चाळिशीतच चयापचय मंदावलं होतं. आता तर संपलंच."

मला इथे बोलावंसं वाटतं आणि मी बोलते. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४००हून जास्त माणसांच्या ऊर्जाखर्चाचा अभ्यास आला. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या माणसापर्यंत. अंगकाठीचा हिशेब धरला, तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत शरीराचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. चाळिशीत हा खर्च काही मंदावत नाही. साठीनंतर तो वर्षाला ०.७ टक्क्याच्या आसपास उतरू लागतो. चाळिशीत वजन वाढतं ते बहुतेक खाण्याचं, बसण्याचं आणि झोप कमी पडल्याचं.

आजोबा ऐकून घेतात. मग विचारतात, "म्हणजे जेवल्यावर लगेच आडवं होऊ नये?"

जेवणानंतर पंधरा मिनिटं घरातल्या घरात चाललं तरी साठीपुढच्या माणसांची जेवणानंतरची साखर कमी राहते, हे तपासून पाहिलेलं आहे. आजी म्हणतात, "मी रोज हेच सांगते."

सकाळी ९.४०

भाजीचा गाडा. मावशींनी पावणेआठला भाकरी आणि पिठलं खाल्लंय. त्या पोत्यावर बसतात, हात पुढे करतात. एक गिऱ्हाईक मेथीचा भाव विचारतं. मावशी भाव सांगतात, ट्यूब भरते. ताई कापूस पिवळ्या पिशवीत टाकते, सुई पांढऱ्या डब्यात. सुई गाड्याच्या आसपास राहू नये म्हणून डब्याचं झाकण दोनदा दाबून बघते. मावशी तिच्या बॅगेत कोथिंबिरीची जुडी कोंबतात.

सकाळी १०.१५

टिळक रोडला एका झाडाखाली ताई डबा उघडते. दोन पोळ्या, मटकी. पहाटेच्या अर्ध्या चहानंतरचं तिचं हे पहिलं खाणं. सकाळच्या घरांचे १५० रुपये झाले. जेवणानंतरच्या दुसऱ्या फेरीचे वेगळे मिळत नाहीत, ते त्याच घरात धरलेले असतात. चहा १५ रुपयांचा. ती मटकी आधी संपवते, मग दुसरी पोळी.

सकाळी ११.३०

कोथरूड. चौथा मजला, इथे लिफ्ट आहे. आजी ८३ वर्षांच्या. चार महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मुलगी बंगळूरला. घरात नर्सिंग ब्यूरोच्या मावशी, सकाळी आठ ते रात्री आठ. दिवसाचे ७०० रुपये, त्यातले १०० ब्यूरोचे.

दंड माझ्या मनगटाएवढा. ताई पट्टा सैल बांधते. लहान सुई, लहान ट्यूब. खूप हळू.

तपासणी किडनीचीही आहे. क्रिएटिनिन हे स्नायूंतून येतं. स्नायूच उरले नसतील, तर क्रिएटिनिन कमी दिसतं आणि किडनी थकलेली असली तरी रिपोर्ट चांगला वाटू शकतो. म्हणून डॉक्टर नुसता आकडा बघत नाहीत, वय आणि अंगकाठी धरून हिशेब करतात. ताई फॉर्मवर वजन लिहिते. ४६ किलो.

रक्त देऊन झाल्यावर मावशी मला म्हणतात, "थांबा, आता आमची शाळा बघा."

त्या आजींच्या कमरेला रुंद पट्टा बांधतात. वॉकर पुढे. "पाय मागं घ्या. पुढं वाका. नाक गुडघ्याच्या पुढं. उठा." आजी दोन्ही हातांनी खुर्चीच्या हाताला रेटतात. अर्ध्यावर थांबतात. मावशी पट्टा धरतात, पण ओढत नाहीत. हे मी मुद्दाम बघते. ओढलं तर काम मावशींचं होतं. आजी उभ्या राहतात. "एक," मावशी म्हणतात. बसतात. पुन्हा. चार वेळा होतं, पाचव्याला आजी मान हलवतात. मग अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या हातात, वरखाली दहा वेळा. मग दारापर्यंत चालत जाऊन परत. असं दिवसातून चारदा.

म्हातारपणी पडून राहणं किती महाग पडतं, ते मोजलेलं आहे. २००७ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. पायांचं जवळजवळ एक किलो मांस गेलं. उलटंही मोजलेलं आहे. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून पायाने वजन उचलण्याचा व्यायाम सुरू केला. आठ आठवडे पुरे केलेल्या नऊ जणांची पायातली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत. हा आकडा मी मावशींना सांगते. त्या म्हणतात, "मग आमच्या आजी अजून पोरगीच आहेत."

स्वयंपाकघरात पातेल्यात पेज आहे. आजींना पेजच बरी वाटते. मावशी त्यात मूगडाळ शिजवून घोटतात, वर तूप. दुपारी घट्ट वरण आणि दही, संध्याकाळी पेलाभर दूध, मध्ये पनीरचे चार तुकडे. म्हाताऱ्या माणसाला किलोमागे रोज एक ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. किडनीचं दुखणं असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच. आजींच्या वजनाला ४६ ते ५५ ग्रॅम. वरणाची एक वाटी पाच-सात ग्रॅमच देते. नुसत्या भात-पेजेवर हा हिशेब कधीच पुरा होत नाही. मावशींना ग्रॅम माहीत नाहीत. ब्यूरोच्या कागदावर त्यांच्या कामात 'सोबत आणि स्वच्छता' एवढंच लिहिलंय. उठबशांचे पैसे कोणी देत नाही.

दुपारी २.००

लॅबमध्ये उरलेलं काम. आकडे येऊ लागतात. ताईचा फोन वाजतो, सदाशिव पेठेतल्या आजी. "किती आली गं?" उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा एचबीए१सी साडेसहा किंवा जास्त म्हणजे मधुमेह, हे आकडे आता घराघरांत पाठ आहेत. पण आजोबांच्या वयाला साखर किती कडक ठेवायची, हे डॉक्टरच ठरवतात. फार खाली गेली तर चक्कर येऊन पडायची भीती. ताई सांगते, "रिपोर्ट मोबाइलवर येईल आजी. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय गोळीत बदल करू नका."

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं, तळपायांना मुंग्या येतात. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं. त्याचीही तपासणी लिहून आणली आहे का, एवढं मात्र ती विचारून घेते.

दुपारी ३.४५

घर. मुलीच्या शाळेची रिक्षा यायच्या आधी ताई पाऊण तास झोपते.

संध्याकाळी ६.००

शेजारच्या इमारतीत एका आजोबांना इन्सुलिन टोचायचं असतं. रोजचे २० रुपये. रोज जागा बदलायची, काल पोटाच्या उजवीकडे, आज डावीकडे. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे गाठ धरते आणि औषध नीट भिनत नाही.

रात्री ८.४५

आइस पॅक परत फ्रीजरमध्ये. उद्याची यादी आली. आठ घरं, त्यात आजच्या चहावाल्या काकूही. ताई प्रत्येकाला फोन लावते. मेसेज ऑफिसकडून जातोच, पण म्हातारी माणसं मेसेज वाचत नाहीत.

सगळ्यांना ती जे सांगते, ते तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगा. तपासणी आहे म्हणून आदल्या दिवशी कमी खाऊ नका, रोजचंच जेवा. रात्री जेवण लवकर उरका. सकाळी चहा नाही, दूध नाही, पाणी मात्र दोन पेले प्या. गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा. सैल बाहीचं घाला. आणि रिपोर्ट हातात आला की त्या दिवसापासून, जमेल तेवढ्या वेळा, खुर्चीवरून हात न टेकता उठायचा सराव सुरू करा. पडायची भीती असेल तर शेजारी कोणाला तरी उभं करा.